सिंगापूरहून सुटणाऱ्या संगीत-जहाजावर पहिल्यांदा जाताना

गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर २००७ साली सनबर्न सुरू झाला, तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा महोत्सव म्हणजे काय हे मराठी तरुणांना वेगळे सांगावे लागत नाही. तोच महोत्सव जहाजावर भरला की काय बदलते, एवढेच या लेखात सांगायचे आहे. मैदानावर पाय दुखू लागले, सोबत आलेल्यांशी बिनसले किंवा डोके भणभणू लागले, तर फाटकाबाहेर येऊन पायलटच्या, म्हणजे गोव्यातल्या मोटारसायकल-टॅक्सीवाल्याच्या, मागे बसावे आणि खोली गाठावी, हा मार्ग कायम मोकळा असतो. जहाजाने बंदर सोडले की तो बंद होतो. पुढच्या तीन रात्री संगीत, गर्दी, खोली, सोबती आणि बरोबर आणलेले किंवा न आणलेले सामान, सगळे जसेच्या तसे राहते. म्हणून अशा सफरीतले बहुतेक महत्त्वाचे निर्णय जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वीच घ्यायचे असतात आणि या लेखाचा अधिक भाग त्याच निर्णयांविषयी आहे.

हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. मायामीहून निघणारी ग्रूव्ह क्रूझ २००४ पासून चालू आहे; २०१२ मध्ये त्याच भागातून होली शिप सुरू झाली आणि मोठमोठे डीजे सकाळी नाश्त्याच्या रांगेत आपल्याच पुढे उभे असतात, ही गोष्ट तिने जगभर प्रसिद्ध केली. आशियात हे लोण आणले ते २०१४ साली सिंगापूरहून निघालेल्या इट्स द शिपने. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्याला सिंगापूर सर्वांत सोयीचे असल्यामुळे पुढचे विवेचन मुख्यतः तिथल्या सफरीला धरून केले आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी कागदपत्रांच्या भागात वेगळी नोंद आहे.

सफर निवडताना विचारायचा पहिला प्रश्न

तिकीट घेण्यापूर्वी एकच प्रश्न नेमका विचारावा: आयोजकांनी संपूर्ण जहाज भाड्याने घेतले आहे की नेहमीच्या सफरीत काही मजले आणि काही वेळ त्यांच्याकडे आहे? दोन्ही प्रकारांची जाहिरात सारखीच दिसते, अनुभव मात्र पूर्ण वेगळा येतो. संपूर्ण जहाज घेतलेले असेल तर पोहण्याच्या तलावाभोवतीचा मोकळा डेक, नाट्यगृह, नाइट क्लब आणि एरवी ज्येष्ठ मंडळी चहा घेत बसतात ते बारसुद्धा संगीताला दिलेले असतात आणि सूर्योदयापर्यंत कुठे ना कुठे काही चालू असते. अर्धेच जहाज घेतलेले असेल तर शेजारच्या केबिनमध्ये आजी-आजोबा आणि नातवंडे झोपलेली असतात, उघड्या डेकवरचा आवाज ठरावीक वेळी बंद होतो आणि पुढची रात्र बंद हॉलमध्येच काढावी लागते. दुसरा प्रकार वाईट असे नाही. पहिल्याच खेपेला तो काहींना जास्त मानवतो. पण पैसे देण्यापूर्वी हे माहीत हवे.

कलाकारांची नावे टप्प्याटप्प्याने जाहीर होतात आणि त्यांतली काही शेवटच्या आठवड्यात बदलतात. एकाच नावासाठी तिकीट काढणाऱ्याची निराशा होण्याची शक्यता बरीच असते. त्याऐवजी एकूण यादीत कोणत्या धाटणीचे संगीत जास्त आहे ते पाहावे. हाउस साधारणपणे मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांच्या लयीत चालते, ट्रान्स १३० ते १४० च्या आसपास आणि ड्रम अँड बेस १७० च्या पुढेमागे. तीन रात्री १७० च्या लयीत काढणे आणि १२४ च्या लयीत काढणे यांतला फरक दुसऱ्या दिवशी दुपारी गुडघे सांगतात.

वयाची अटही याच वेळी पाहावी. या सफरींवर लहान मुलांना सहसा प्रवेश नसतो. सिंगापूरमध्ये मद्यासाठी किमान वय १८ आहे, तर अमेरिकेत ते २१ आहे.

केबिन: इथे घाई करू नये

केबिनचा दर बहुतेक वेळा दोघांनी मिळून राहण्याच्या हिशेबाने, माणशी दिलेला असतो. एकट्याने राहायचे असेल तर जवळजवळ दुसऱ्याचेही पैसे भरावे लागतात. शिवाय बंदर शुल्क, सेवाशुल्क आणि कर्मचाऱ्यांची बक्षिसी जाहिरातीतल्या आकड्यात धरलेली नसते. भारतातून पॅकेज घेतल्यास टीसीएस, म्हणजे विक्रेता पैसे घेतानाच वसूल करतो तो कर, हाही त्यात मिळवावा लागतो. म्हणून तुलना करायची ती या सगळ्याची बेरीज करूनच.

केबिनचे ढोबळमानाने तीन प्रकार असतात: खिडकी नसलेली आतली, न उघडणाऱ्या खिडकीची आणि बाल्कनीची. खोलीत फक्त झोपायलाच जाणार असाल तर आतली केबिन पुरते, उलट तिच्यात दिवसाही मिट्ट काळोख असल्याने सकाळी सातला झोपणाऱ्याला ती सोयीचीच पडते. खरा प्रश्न प्रकाराचा नसून जागेचा आहे. माझ्या पहिल्या सफरीत एका एजंटने स्वस्तात मिळाली म्हणून दिलेली केबिन तलावाच्या डेकच्या बरोबर खाली निघाली. पोलादी छत मधले आणि वरचे स्वर अडवते, खर्ज मात्र अडवत नाही. त्यामुळे गाणे ऐकू येत नव्हते, पण उशाशी ठेवलेला पाण्याचा ग्लास प्रत्येक ठोक्याला टेबलावरून केसभर सरकत होता आणि पहाटे चारच्या सुमारास तो खाली पडला. तेव्हापासून मी डेकचा नकाशा पाहिल्याशिवाय केबिन घेत नाही. आपल्या केबिनच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असाव्यात. तलाव, नाट्यगृह, क्लब किंवा स्वयंपाकघर नको. जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे कमी जाणवतात, तेव्हा पोट नाजूक असणाऱ्यांनी तिकडे पाहावे.

सोबती निवडणे हा केबिनचाच भाग आहे. चौघांची केबिन स्वस्त पडते, पण तिच्यात न्हाणीघर एकच असते आणि चारही जण एकाच वेळी, म्हणजे रात्रीच्या कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी, तयार होत असतात. अनोळखी माणसाबरोबर केबिन वाटून घेण्याची सोय काही आयोजक करून देतात; ती घेतल्यास निघण्यापूर्वी एकदा त्या व्यक्तीशी फोनवर बोलावे आणि झोपेच्या वेळा, धूम्रपान आणि खोलीत पाहुणे आणण्याबद्दलची अपेक्षा स्पष्ट करून घ्यावी. संकोच वाटतो, पण जहाजावर खोली बदलून मिळणे जवळजवळ अशक्य असते.

कागदपत्रे

परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने पासपोर्ट वैध असावा. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटांमार्फत काढता येतो. तो एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे मिळाल्या मिळाल्या वाचून पाहावे. कारण विमानाने उतरताना सिंगापूरमध्ये एकदा प्रवेश होतो आणि फुकेत, पेनांग किंवा लंकावीला जाऊन जहाज परतले की दुसऱ्यांदा होतो. सिंगापूरचे आगमनपत्र पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते, ते मोफत आहे, आणि जहाजावरून परत येताना पुन्हा भरावे लागते. हे पत्र भरून देण्याचे पैसे मागणारी संकेतस्थळे बरीच आहेत. त्यांच्या नादी लागू नये. मलेशिया आणि थायलंड यांनीही आता अशी डिजिटल आगमनपत्रे सुरू केली आहेत. क्रूझच्या प्रवाशांनी ती भरायची की नाही हे आयोजकांच्या पत्रात लिहिलेले असते आणि ते पत्र बहुतेक जण वाचत नाहीत.

अमेरिकेत एच-वन-बीवर असणाऱ्यांनी मायामीच्या सफरीआधी एक गोष्ट नीट तपासावी. पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असला तरी कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांपर्यंत जाऊन परत येण्याची जी सवलत आहे, ती या वर्गासाठी त्या दोन शेजारी देशांपुरतीच आहे. कॅरिबियन बेटांसाठी ती फक्त विद्यार्थी आणि एक्स्चेंज अभ्यागत यांना, म्हणजे एफ आणि जे वर्गांना मिळते. मायामीहून निघालेले जहाज बहामाच्या एखाद्या बेटाला नुसता स्पर्श करून येणार असले तरी संपलेल्या व्हिसावर त्यात चढणे म्हणजे परतीचा मार्ग स्वतःच बंद करून घेणे होय.

प्रवास विमा घेताना क्रूझचा उल्लेख आणि समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च या दोन्ही गोष्टी त्यात आहेत का ते पाहावे. जहाजावर डॉक्टर असतो, परंतु त्याचे बिल खाजगी रुग्णालयासारखे येते आणि ते आधी स्वतः भरावे लागते.

सामान, आणि बॅगेत काय नसावे

अमली पदार्थांच्या बाबतीत थोडक्यात पण स्पष्ट सांगतो. सिंगापूरमध्ये १५ ग्रॅमपेक्षा अधिक हेरॉइन किंवा ५०० ग्रॅमपेक्षा अधिक गांजा यांच्या तस्करीला फाशीची तरतूद आहे आणि अगदी थोडे बाळगणे किंवा सेवन करणे हाही तुरुंगवासाचा गुन्हा आहे. जहाज आंतरराष्ट्रीय समुद्रात असते ही समजूत इथे कामाची नाही, कारण चढताना आणि उतरताना तुम्ही त्याच बंदरातून जाता. २ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या क्रूझ टर्मिनलवर अमली पदार्थ नियंत्रण विभागाने टाकलेला छापा मराठी वाचकांना आठवत असेलच. दुसऱ्याची बॅग, दुसऱ्याचे पाकीट, ‘जरा हे तुझ्याकडे ठेव’ म्हणून दिलेली वस्तू, काहीही घेऊ नये, मग तो शाळेपासूनचा मित्र का असेना.

यापेक्षा कमी माहीत असलेल्या गोष्टी वेगळ्याच आहेत. ई-सिगारेट सिंगापूरमध्ये नुसती बाळगणेही गुन्हा आहे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल आणि झोपेच्या काही गोळ्या यांवर निर्बंध आहेत. अशी औषधे चालू असतील तर तिथल्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर परवानगीचे नियम पाहावेत आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. आणखी एक: खसखस तिथे प्रतिबंधित मालात मोडते. इट्स द शिप बहुधा नोव्हेंबरात निघत आली आहे, म्हणजे दिवाळी नुकतीच झालेली किंवा दारात आलेली असते आणि आई डबा भरून देतेच. चकली घरीच खाऊन संपवा, अनारसे तर मुळीच नेऊ नका. शिवाय घरी केलेले पदार्थ बहुतेक जहाजे आत येऊ देत नाहीत. कारखान्यात बंद केलेली खाकऱ्याची किंवा चिवड्याची पाकिटे सहसा चालतात आणि पहाटे पाचच्या भुकेला ती उपयोगी पडतात.

एक्स्टेन्शन बोर्ड, इस्त्री, मेणबत्त्या आणि चाकू आगीच्या व सुरक्षेच्या कारणावरून तपासणीतच काढून घेतले जातात. केबिनमध्ये प्लग मोजकेच असतात, तेव्हा अनेक तोंडांचा साधा यूएसबी चार्जर न्यावा. पॉवर बँक विमानात चेक-इनच्या बॅगेत टाकायची नसते, हे लक्षात असू द्यावे.

कपड्यांबाबत एवढेच की अशा सफरींत रोज रात्री एखादी कल्पना ठरवलेली असते आणि लोक ती फार मनावर घेतात. जहाज ताशी वीस सागरी मैलांनी चालत असेल तर वारा नसतानाही उघड्या डेकवर ताशी सदतीस किलोमीटरचा वारा समोरून लागतो. पिसांचे मुकुट, कार्डबोर्डचे पंख, टोप्या हे सारे पहिल्या अर्ध्या तासात उडते. घट्ट बांधलेला फेटा मात्र पहाटेपर्यंत टिकतो, हे मी स्वतः पाहिले आहे. जोडे बंद आणि वापरून मऊ झालेले असावेत, कारण तलावाजवळचा डेक रात्रभर ओला असतो आणि काही ठिकाणी त्यावर सांडलेले गोड पेय असते.

चढण्याचा दिवस

मुंबईहून सिंगापूरला विमानाने सुमारे साडेपाच तास लागतात आणि तिथले घड्याळ अडीच तास पुढे आहे. ज्या दिवशी जहाज सुटणार त्याच दिवशी सकाळी उतरण्याचा हिशेब करू नये. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. आदल्या दिवशी पोहोचून एक रात्र भरपूर झोप घ्यावी, पुढे ती मिळणार नाही. मरीना बे क्रूझ सेंटरला जाण्यासाठी मरीना साउथ पिअर हे मेट्रो स्थानक जवळ आहे.

मोठी बॅग बंदरावर हमालांच्या ताब्यात द्यायची असते आणि ती केबिनच्या दाराशी कित्येकदा संध्याकाळी पोहोचते. म्हणून पासपोर्ट, औषधे, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि पहिल्या रात्रीचा वेश पाठीवरच्या पिशवीत ठेवावा. चेक-इनला एक कार्ड मिळते. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पैशांचे पाकीट. जहाजावर रोख रक्कम चालत नाही. सगळा खर्च त्या कार्डावर चढतो आणि शेवटी तुमच्या क्रेडिट कार्डातून वळता होतो. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिले तर अनामत म्हणून काही रक्कम अडकून पडते आणि ती सुटायला दिवस लागतात. खात्याचा हिशेब रोज एकदा पाहावा. शेवटच्या सकाळी, रांगेत, झोपेविना, तीन दिवसांपूर्वीच्या दोन पेयांवरून वाद घालणे कुणालाच जमत नाही.

सुरक्षेचा सराव सर्वांना सक्तीचा असतो. इटलीच्या किनाऱ्याजवळ जानेवारी २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया उलटले तेव्हा नुकत्याच चढलेल्या अनेक प्रवाशांचा सराव झालाच नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच करणे बंधनकारक झाले. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की आपल्या ठरलेल्या जागी जमायचे. ती जागा कार्डावर लिहिलेली असते. सरावानंतर केबिनपासून तिथपर्यंत एकदा जिन्याने चालत जाऊन यावे, पाच मिनिटे लागतात.

फोन लगेच विमान-मोडवर टाकावा. किनारा दूर गेला की फोन जहाजाच्या उपग्रह-नेटवर्कला आपोआप जोडला जातो आणि भारतातल्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा धरलेले नसते. जहाजाचे वाय-फाय विकत मिळते, पण गर्दीच्या वेळी ते रखडते. म्हणून जुनीच पद्धत बरी: ‘रात्री एक वाजता, नाट्यगृहाच्या डाव्या दारापाशी’ असे निघण्यापूर्वी ठरवून टाकावे. केबिनची दारे पोलादी असल्यामुळे त्यांना चुंबक चिकटते, तेव्हा निरोपाची चिठ्ठी दारावर लावता येते. शिवाय शेकडो सारख्या दारांमधून आपले दार ओळखण्यासाठी काही खूण लागतेच. आमच्या गटाने प्लॅस्टिकच्या झेंडूचे छोटे तोरण चुंबकांनी लावले होते. दुसऱ्या दिवसापासून त्या मजल्यावरची परकी मंडळीही ‘पिवळ्या फुलांच्या दारापासून तिसरी खोली’ असा पत्ता सांगू लागली.

दिवस-रात्रीचे गणित

नवखे लोक हमखास एक चूक करतात: पहिल्या रात्री सर्व मंच पाहायला धावतात आणि दुसऱ्या रात्री, जेव्हा सर्वांत चांगले कार्यक्रम असतात, तेव्हा केबिनमध्ये आडवे होतात. जेंटिंग ड्रीमसारखे जहाज ३३५ मीटर लांब आणि अठरा मजल्यांचे आहे. लिफ्टची वाट पाहत आणि जिने चढत एका मंचावरून दुसऱ्यावर जायला दहा मिनिटे सहज जातात. वेळापत्रक हाती येताच प्रत्येक रात्रीचे फक्त दोन कार्यक्रम पक्के करावेत, त्यांत एक सूर्योदयाचा असावा आणि बाकीचे पाय नेतील तिकडे. दुपारी एक ते पाच ही झोपेची वेळ मानून पाळावी. तलावावर मौज चालू असताना खाली जाऊन झोपायचे जिवावर येते, पण जे हे करतात तेच सूर्योदयाला उभे दिसतात.

सूर्योदयाच्या कार्यक्रमाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण जहाजावर जाण्याचे खरे कारण तेच आहे. उजाडण्याच्या सुमारास मंचावरचे दिवे मंद होतात, लेझर बंद पडतात, आणि डीजे संगीताचा जोर उतरवत नेतो. ठोका तोच असतो, पण खर्ज मागे सरतो आणि वर लांबलचक सूर उरतात. मलाक्काच्या सामुद्रधुनीत पहाटे पाणी बहुधा तेलासारखे स्थिर असते. आधी क्षितिजाची रेघ दिसते, मग तिच्यावर दूरच्या मालवाहू जहाजांचे दिवे, आणि मग एकेक दिवा विझत जातो. तोवर डेकवर दोनशे-तीनशेच माणसे उरलेली असतात, कोणी टॉवेल पांघरून उभा, कोणी हातात चहाचा कप घेतलेला. तीन तासांपूर्वी मुख्य मंचावर वाजवणारा कलाकारही त्यांच्यातच, गर्दीच्या बाजूने, उभा असू शकतो.

अशा वेळी त्याला गाठून पाच फोटो काढू नयेत. कलाकारालाही जहाजावरून कुठे पळून जाता येत नाही, हे ध्यानात ठेवून नमस्कार करावा, एक वाक्य बोलावे आणि सोडावे. नाश्त्याच्या टेबलावर तर मुळीच अडवू नये.

हाच न्याय इतर प्रवाशांनाही लावायला हवा. केबिनमधल्या मेजवान्या हा या सफरींचा एक भाग आहे आणि त्यांचे निमंत्रण सहज मिळते. जाण्यापूर्वी आपल्या गटातल्या कुणाला तरी केबिनचा क्रमांक सांगून जावे. आपले पेय आपल्या हातात ठेवावे. कुणी अंगचटीला येत असेल तर सुरक्षा कर्मचाऱ्याला लगेच सांगावे. जहाजावर कॅमेरे सर्वत्र असतात, प्रत्येक प्रवाशाची नोंद असते, आणि उपद्रव देणाऱ्याला पुढच्या बंदरावर उतरवून देण्याचा अधिकार कप्तानाला असतो.

कठड्यावर बसणे, चढणे किंवा बाल्कनीतून शेजारच्या बाल्कनीत जाणे याबद्दल काही समजावून सांगण्याची गरज नसावी. रात्री समुद्रात पडलेला माणूस सापडणे फार दुर्मिळ आहे.

कान, पाणी आणि पोट

कानांचे संरक्षण हा चैनीचा विषय नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे धरले जाते आणि त्यावर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला ती अवघी पंधरा मिनिटे उरते. मैदानावरच्या एका संध्याकाळीपेक्षा जहाजावर तुम्ही तिप्पट-चौपट वेळ आवाजात असता. ढोल-ताशा पथकांतली काही मुले कानांत कापसाचा बोळा घालतात, त्याने जवळजवळ काहीच अडत नाही. फोमचे इअरप्लग दोन बोटांत वळून सुतासारखे बारीक करावे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला प्लग काम करत नाही. थोडे पैसे जास्त घालून जाळीचे फिल्टर असलेले प्लग घेतले तर आवाज सगळ्या पट्ट्यांत सारखा कमी होतो आणि गाणे बोदे लागत नाही. उभे राहायचे ते ध्वनिनियंत्रकाच्या टेबलाजवळ. त्याने आवाज स्वतःच्या जागेवरून जुळवलेला असतो, त्यामुळे तिथे तो सर्वांत स्वच्छ ऐकू येतो.

मोठ्या जहाजाला हेलकावे रोखणारी यंत्रणा असते आणि सामुद्रधुनी बहुधा शांत असते, तरीही काहींना मळमळ होतेच. भारतात सहज मिळणाऱ्या सिनारिझिन किंवा प्रोमेथाझिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यायच्या असतात. दोन्हींनी झोप येते, आणि त्यांच्यावर मद्य घेणे धोक्याचे आहे. ज्यांना गोळी नको त्यांनी आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवाव्यात, मध्यावरच्या उघड्या डेकवर यावे आणि क्षितिजाकडे पाहत राहावे.

पाणी थोडे थोडे पण सतत प्यावे आणि सोबत काहीतरी खारे खावे. घामाने मीठही जाते. जेवणाच्या ठिकाणी शिरताना हात साबणाने धुवावेत, कारण जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचे सॅनिटायझर फारसे चालत नाही. शाकाहारींची चिंता सिंगापूरच्या सफरींत कमी असते, भारतीय प्रवासी मोठ्या संख्येने असल्यामुळे भारतीय शाकाहारी जेवण मिळते. मात्र रात्रीच्या उशिराच्या वेळी चालू राहणाऱ्या काउंटरवर काय असते ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे.

मधले बंदर आणि परतणे

फुकेतचे घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. किनाऱ्यावर उतरताच फोन विमान-मोडमधून काढला की तो स्थानिक वेळ दाखवू लागतो, जहाज मात्र स्वतःच्या वेळेने चालते. ‘सर्वांनी पाचला परत या’ म्हणजे जहाजाच्या घड्याळाचे पाच. फोनवर तेव्हा चार वाजलेले असतात. मनगटावर एक साधे घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवावे, आणि पासपोर्ट जहाजाकडे जमा असेल तर त्याची छायाप्रत जवळ बाळगावी. पहिल्याच खेपेला दूरची बेटे पाहण्याच्या मोहात पडू नये. उतरावे, मसाज घ्यावा, नारळपाणी प्यावे, दोन तास आधी परत यावे. त्या दुपारी रिकाम्या झालेल्या जहाजावर झोपही छान लागते.

शेवटच्या रात्री मोठी बॅग केबिनबाहेर ठेवायची असते. दुसऱ्या सकाळचे कपडे आणि पासपोर्ट तिच्यात जाऊ देऊ नयेत. दर सफरीला कुणीतरी काल रात्रीच्या चमचमत्या वेशात इमिग्रेशनच्या रांगेत उभे असतेच. उतरायला वेळ लागतो, म्हणून परतीचे विमान दुपारनंतरचे घ्यावे.

घरी पोहोचल्यावर न्हाणीघरात डोळे मिटून डोक्यावर पाणी घेताना फरशी हलल्यासारखी वाटेल. घाबरू नये, जहाजाच्या हालचालीला सरावलेला मेंदू तोल अजून त्याच हिशेबाने सांभाळत असतो, आणि बहुतेकांना हे दोन दिवसांत थांबते. आठवडे उलटूनही थांबले नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. त्या दोन दिवसांत दुचाकी मात्र चालवू नये.